ते उशिरा आले नव्हते : चांगला उपदेश कशाला म्हणायचं?

कोरडवाहू | रविवार, रात्री १०.२०

सर्वांना सलाम.

नगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका गावात आमची चाळीस-पंचेचाळीस घरांची ख्रिस्ती मंडळी आहे. पाळकसाहेबांकडे अशी सहा गावं आहेत, त्यामुळे ते महिन्यातून एकदा, प्रभुभोजनाच्या रविवारी येतात. बाकीचे रविवार आम्ही पंचकमिटीतली माणसं वाटून घेतो. माझं खतं-बियाण्यांचं दुकान आहे, धर्मशास्त्राचं शिक्षण काही नाही. गेल्या तीन वर्षांत पंधरा-सोळा वेळा संदेश, म्हणजे रविवारचा उपदेश, दिला असेल.

माझी तयारी कशी असते ते सांगतो. शनिवारी रात्री दुकानाचं शटर ओढलं की मोबाइलवर त्या उताऱ्यावरचे दोन-तीन संदेश ऐकायचे. वहीत तीन मुद्दे काढायचे, प्रत्येकाला एकेक वचन जोडायचं, शेवटी एखादी गोष्ट. रविवारी वहीत बघून बोलायचं. भक्ती संपल्यावर लोक हात मिळवतात, ‘छान झालं’ म्हणतात. मला ते खरं वाटायचं.

आज बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय होता, द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांचा दाखला. मालक पहाटे बाजारात जातो, दिवसाचा एक दीनार ठरवून माणसं आणतो. मग नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो, आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पुन्हा एकदा जातो. संध्याकाळी सगळ्यांना सारखाच दीनार. मी सांगितलं की उशिरा येणाऱ्यांनाही देव टाकत नाही, म्हातारपणी पश्चात्ताप केला तरी तारण आहे, पण म्हणून आपण आळस, चालढकल करू नये. पंचवीस मिनिटं बोललो.

दुपारी मावशीकडे जेवायला होतो. तिला वाचता येत नाही. तरुणपणी ती आणि काका औरंगाबादला राहायचे, रोज सकाळी मजूर अड्ड्यावर उभे राहायचे. भाकरी वाढता वाढता ती म्हणाली, “तू म्हणालास ते उशिरा आले. ते उशिरा नव्हते आले रे. दिवसभर तिथंच उभे होते. तूच वाचलंस की. मालक विचारतो, दिवसभर इथं रिकामे का उभे? तर ते म्हणतात, आम्हाला कुणी कामाला लावलंच नाही.”

मी बायबल काढून पाहिलं. सातवं वचन. तसंच आहे.

मग म्हणाली, “अड्ड्यावर शेवटी कोण उरतं, ठाऊक आहे का? म्हातारी माणसं. पोटुशी बाई. एका हातानं अधू असलेला. ठेकेदार दंडाकडे बघून माणसं उचलतो. दहा वाजून गेले की कळतं आज काही नाही. तरी माणूस हलत नाही. घरी गेलं की पोरं हाताकडे बघतात.”

तेव्हापासून मला चैन नाही. तो उतारा मी आठवडाभरात चार वेळा वाचला होता. तीन संदेश ऐकले होते. आणि ज्या बाईसमोर उभा राहून मी ‘आळस करू नका’ म्हणालो, तिचं निम्मं आयुष्य त्या वचनात होतं.

इथं पाळक आहेत, वसईची मंडळी आहे, वेगवेगळ्या मिशनची माणसं आहेत. मला मनापासून विचारायचं आहे : चांगला उपदेश म्हणजे काय? तुम्ही ऐकलेला, आजही आठवणारा एखादा सांगाल का? पुढच्या महिन्यात पुन्हा माझी पाळी आहे.

---

जुना_पाळक | रविवार, रात्री ११.०५

मावशींना माझा सलाम सांगा. ३४ वर्षं पाळकपण केलं. या दाखल्यावर किमान दहा वेळा बोललो असेन. सातव्या वचनावर थांबल्याचं मला आठवत नाही.

आता जे सांगतो ते मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या शिक्षणातून, नवा आलो तेव्हा मी ग्रीक शब्दांचे अर्थ सांगायचो. मंडळी मान डोलवायची. एकदा मंडळीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला देवळाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणाले, “साहेब, विहीर किती खोल आहे ते तुम्ही दर रविवारी सांगता. आम्ही तहानेले आहोत.” त्या रात्री मी जेवलो नाही.

पुढे माझी पद्धत बदलली. सोमवारी उतारा मोठ्यानं वाचायचा, सावकाश, तीनदा. मनातल्या मनात वाचलं की ओळखीची वचनं घसरून जातात; तोंडानं वाचलं की जीभ अडखळते आणि अडखळली तिथंच काहीतरी असतं. भाष्याचं पुस्तक गुरुवारपर्यंत उघडायचं नाही. मंगळवार-बुधवार घरभेटी, आणि त्या करताना उतारा डोक्यात. पुष्कळदा अर्थ मला कुणाच्या तरी ओट्यावर सापडला. शनिवारी संध्याकाळी पत्नीला उपदेश एका वाक्यात सांगायचा. ती ‘बरं’ म्हणाली तर झोपायचं. ‘म्हणजे?’ म्हणाली तर पुन्हा बसायचं.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय वाचा. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, आणि लेवी, म्हणजे मंदिरातले सेवक, ते लोकांना उलगडून सांगतात, म्हणजे जे वाचलं ते समजावं. लोक ऐकता ऐकता रडू लागतात. वाचणं आणि उलगडणं, एवढंच काम आहे आपलं. तुम्ही उलगडलं नाहीत, दुसऱ्याचं उलगडलेलं आणून ठेवलंत. हे दुखवायला म्हणत नाही. मीही केलेलं आहे.

आणि एक वचन जोडून वाचा : बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा २४ वा अध्याय, चौदावं-पंधरावं. मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. दाखल्यातला मालक संध्याकाळीच पैसे वाटतो, ते उगाच नाही. दीनार म्हणजे तेव्हाची एका माणसाची एका दिवसाची मजुरी, म्हणजे घरातली एका दिवसाची चूल. पाऊण दिवस काम केलं म्हणून पोरांना पाऊण भाकरी पुरत नाही.

---

बावखल | सोमवार, सकाळी ७.३५

मी वसईची, कॅथलिक. आमच्याकडे उतारा फादरांनी निवडायचा नसतो. रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरलेलं आहे, जगभर तेच. हा दाखला तीन वर्षांतून एकदा, सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येतो, आणि त्याच्यासोबत पहिलं वाचन यशया ५५ असतं : माझे विचार तुमच्या विचारांसारखे नाहीत. ही दोन वाचनं शेजारी ठेवली की निम्मं प्रवचन आपोआप तयार होतं, असं मला वाटतं.

माझी आजी सांगायची की तिच्या लहानपणी मिस्सा (आमची उपासना) लॅटिनमध्ये असायचा, फादरांची पाठ लोकांकडे. लोक रोझरी (जपमाळ) म्हणत बसायचे. सगळ्या विधीत आपल्या भाषेतलं एकच असायचं, प्रवचन. फादर वळले, बोलायला लागले, की बायका डोक्यावरचा पदर कानामागे सारायच्या. आजीला सत्तर वर्षांपूर्वीची प्रवचनं आठवायची. मला गेल्या महिन्यातली आठवत नाहीत, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली स्पष्ट लिहून ठेवलं की प्रवचन हा उपासनेचाच भाग आहे, रविवारी ते गंभीर कारणाशिवाय गाळू नये. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या आपल्या पत्रात त्यावर पानंच्या पानं लिहिली : प्रवचन म्हणजे व्याख्यान नव्हे, आई लेकराशी बोलते तसं असावं, आणि प्रवचनकारानं एक कान वचनाकडे आणि एक कान लोकांकडे ठेवावा. जून २०२४ मध्ये तर त्यांनी सांगून टाकलं की आठ मिनिटांच्या वर जाऊ नका, लोकांना झोप येते.

आठ मिनिटं मला पटतात. आमच्याकडे पुष्कळदा त्यातली चार देणगी, सणाची वर्गणी आणि पार्किंग यांत जातात. ते मिस्सा संपल्यावर सांगता येतं. शुभवर्तमान वाचून झाल्याबरोबर माणूस ज्या तयारीनं बसलेला असतो, ती तयारी पुन्हा आठवडाभर येत नाही.

कोरडवाहू, एक मनातलं सांगू का? आमच्याकडे मिस्सात प्रवचन धर्मगुरू किंवा डीकन (धर्मगुरूंच्या खालचे दीक्षित सेवक) यांनीच करायचं असतं. बियाणं विकणारा माणूस उभा राहून पेरणाऱ्याच्या दाखल्यावर बोलतोय, हे मला ऐकायला मिळणार नाही. ही संधी तुम्हाला आहे, ती मोबाइलवरच्या संदेशांना देऊ नका.

---

हडपसरकर | सोमवार, दुपारी १.१०

आठ मिनिटं मला नाही पटत. आमच्या चर्चमध्ये संदेश तासभर चालतो, वीस-पंचवीस वर्षांची मुलं वह्या घेऊन बसतात, कुणी हलत नाही. भूक असली की माणूस घड्याळ बघत नाही. मी आयटीत आहे, आठवडाभर स्क्रीन. रविवारचा तो एक तास माझा आठवडा उभा करतो. मला वाटतं खरी गोष्ट आग ही आहे. जो सांगतोय त्याचा स्वतःचा विश्वास पेटलेला असेल तर पाच मिनिटंही चालतात आणि दोन तासही.

बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्यं’ या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात प्रेषित पौल मध्यरात्रीपर्यंत बोलला आहे.

---

बावखल | सोमवार, दुपारी २.००

दादा, त्याच रात्री युतुख नावाचा तरुण खिडकीत बसल्या बसल्या झोपला आणि तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौलाला खाली उतरून त्याला कवटाळावं लागलं.

पण तुमचं म्हणणं समजलं. युतुख जिवंत झाल्यावर पौल पुन्हा वर गेला, भाकर मोडली, आणि उजाडेपर्यंत बोलत राहिला. लोक थांबले होते. म्हणजे त्यांना हवं होतं.

---

जुना_पाळक | सोमवार, रात्री ९.१५

आगीबद्दल थोडं. बायबलमधला सर्वांत यशस्वी उपदेश कुणाचा? योनाचा. मूळ इब्री भाषेत पाच शब्दांचा : अजून चाळीस दिवस आणि निनवे उलथून पडेल. एवढ्यावर राजापासून गुराढोरांपर्यंत सगळं शहर पश्चात्तापानं गोणपाट नेसून बसलं. आणि उपदेशक? तो शहराबाहेर मांडव घालून बसला, लोक वाचले म्हणून रागावला. आग होती योनात. ज्यांच्याशी बोलला त्यांच्यावर माया नव्हती. देवानं त्या पुस्तकाचा शेवटचा अध्याय सगळा योनाला समजावण्यात घालवला आहे.

म्हणून तरुण पाळकांना मी एकच विचारायचो, तुमच्या समोर बसलेल्यांपैकी किती जणांच्या घरी तुम्ही पाणी प्यायला आहात?

---

ओसरी | मंगळवार, पहाटे ५.५०

हे मी आधी कुठे लिहिलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वी माझे यजमान आजारी होते. कॅन्सर. त्या काळात एका सभेत संदेश देणाऱ्यानं सांगितलं की घरात आजार रेंगाळतो तो अविश्वासामुळे, लपवलेल्या पापामुळे. पाचशे माणसांत मी बसले होते. घरी आल्यावर यजमानांनी विचारलं, काय सांगितलं आज? मी म्हणाले, गाणी छान होती. रात्री ते झोपल्यावर मी आमच्या दोघांची पापं आठवत बसले. एकेक करून. पहाट झाली.

ते गेले. मी दीड वर्ष चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही.

नंतर शेजारच्या एका मुलाच्या अंत्यविधीला जावं लागलं. एकोणीस वर्षांचा, मोटरसायकलवरून गेला. तिथले पाळक तरुण होते, आवाज कापत होता. त्यांनी योहान ११ वाचलं, मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरेजवळ येशू रडला तिथपर्यंत. मग म्हणाले, “हे का झालं ते मला माहीत नाही. लाजराला उठवायचं आहे हे प्रभूला माहीत होतं, तरी तो आधी रडला. आज आपण त्या वचनापर्यंतच आलो आहोत.” आणि खाली उतरून त्या मुलाच्या वडिलांशेजारी बाकावर बसले. पाच मिनिटंही झाली नसतील.

पुढच्या रविवारी मी चर्चला गेले.

नंतर मी स्वतः वाचायला लागले. योहान ९ मध्ये शिष्य जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात, पाप कुणी केलं, यानं की याच्या आईबापांनी? प्रभू म्हणतो, यानंही नाही आणि त्यांनीही नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, ती काही इतरांपेक्षा अपराधी होती असं समजू नका म्हणतो. इतकं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या सभेतल्या माणसाच्या हातातही तेच बायबल होतं.

कोरडवाहू भाऊ, संदेश देताना एक धरून चाला की समोर कुणीतरी असं बसलं आहे, ज्याची रात्र तुमच्या एका वाक्यानं जाणार आहे.

---

हडपसरकर | मंगळवार, सकाळी ९.३०

ताई, तुमचं दोनदा वाचलं. मीही तसलं बोललो आहे, प्रार्थना-गटात, एका मित्राला. आज त्याला फोन करतो.

---

टाळकरी | मंगळवार, रात्री ८.४५

रामकृष्णहरी. मी ख्रिस्ती नाही, पैठणकडचा, घराण्यात वारी आहे. धागा वाचत होतो, राहवलं नाही.

आमच्याकडे कीर्तनाला एक अभंग घेतात. दोन तास तोच. कीर्तनकार बाहेर कितीही फिरून आला, दृष्टांत सांगितले, दुसऱ्या संतांची प्रमाणं दिली, तरी प्रत्येक चरणाला परत यावं लागतं. चरण सुटला की मागचे टाळकरीच अस्वस्थ होतात. माझे आजोबा म्हणायचे, कीर्तनकार अभंगाचा गडी आहे, धनी नाही. आजकाल विनोद आणि टोमणेच जास्त झालेत, लोक हसून घरी जातात आणि अभंग कोणता होता ते सांगता येत नाही. ओसरी ताईंचं वाचून वाटलं, आमच्याकडेही माणसं असेच घाव घेऊन जात असतील.

दुसरं, तुकोबांनी बजावून ठेवलं आहे की जिथं कीर्तन करायचं तिथलं अन्नही घेऊ नये. आता मानधनाचे आकडे ऐकले की मान खाली जाते. तुमच्याकडे याचा काही नेम आहे का?

---

पोथीवाचक | मंगळवार, रात्री १०.३०

टाळकरी, तुम्ही परके नाही आहात. मराठीत ख्रिस्ती उपदेशाची सुरुवातच तुमच्या अंगणातून झाली आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमधून आलेले जेझुइट (येशूसंघी) धर्मगुरू. १५७९ मध्ये गोव्याला उतरले. त्यांनी ख्रिस्ताची कथा ओवीत बांधली, सुमारे अकरा हजार ओव्या, आणि १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. रविवारी, सणावारी ते देवळांतून मोठ्यानं वाचलं जायचं. लोकांच्या कानाला पुराणाची सवय होती, म्हणून त्यांनी पुराण दिलं. परदेशी माणूस, पण ऐकणाऱ्याचा कान आधी ओळखला.

पुढे नगरला एकोणिसाव्या शतकात कृ. र. सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनीही कीर्तनं केली, आणि त्यांची भजनं आजही आपल्या ‘उपासना संगीत’ या गीतांच्या पुस्तकात आहेत. टिळकांची तळमळच ती होती की मराठी माणसाला ख्रिस्त मराठीतून भेटावा. माझ्या आजोळी अजून कुणी चांगलं बोललं की म्हातारी माणसं ‘कीर्तनासारखं झालं’ म्हणतात.

आता मात्र आपले पुष्कळ संदेश मराठी शब्दांतले इंग्रजी संदेश झाले आहेत. तिकडचं पुस्तक, तिकडची उदाहरणं, बेसबॉल आणि बर्फ. पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, आणि आग्रह हा की शेतातल्या बाईला कळलं पाहिजे. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, पूर्ण छापून झालं. जिनं इतके कष्ट सोपं करण्यासाठी घेतले, तिच्या लेकींना आपण ‘पॅराडाइम’ काय म्हणून सांगायचं?

---

फळा_खडू | बुधवार, दुपारी ४.००

मी शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांची रविवारची शाळा, घेते, वीस वर्षं झाली. माझी कसोटी अगदी साधी आहे. रविवारी दुपारी मुलांना विचारते, आज काय सांगितलं? उपदेश चांगला झालेला असेल तर सात-आठ वर्षांचं लेकरू काहीतरी सांगतंच. शब्द नाही, पण चित्र सांगतं. ‘तो बाप पळत गेला.’ उधळ्या पुत्रावरच्या, म्हणजे पैसे उडवून घरी परतणाऱ्या मुलाच्या दाखल्यावरच्या, उपदेशातून एका मुलानं एवढंच आणलं होतं. मला आनंद झाला, कारण त्या काळात घरचा म्हातारा धनी रस्त्यानं पळत नसे, अंगरखा उचलून पळणं ही शरमेची गोष्ट. लेकरानं नेमकं तेच धरलं होतं.

माईकचंही बघा. आमच्याकडे घुमतो. मागच्या चार बाकांवर म्हाताऱ्या बायका बसतात, त्यांना ‘आमेन’शिवाय काही ऐकू येत नाही. आधी जाऊन मागच्या बाकावर बसून बघा.

---

पाणवठा | बुधवार, रात्री ९.५०

सगळं वाचलं, चांगलं चाललंय. पण जे आपण कधी ऐकलंच नाही, ते विचारतो. मी पन्नास वर्षांचा आहे. आपल्या मंडळ्यांत सोयरीक जुळवताना आजही हळूच विचारतात, मूळचे कोण? महारातले की मांगातले? प्रभुभोजनात एका भाकरीत सगळे भागी होतो आणि घरी जाऊन हे. पौलाच्या गलतीकरांना लिहिलेल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायावर मी डझनभर संदेश ऐकले : यहूदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही. प्रत्येक वेळी यहूदी आणि हेल्लेणी यांच्यावरच बोलणं. आपली नावं कधी आली नाहीत.

जो उपदेश माझ्या घरच्या दारापर्यंत येत नाही, तो कितीही गोड असो, मी त्याला चांगला म्हणणार नाही.

---

जुना_पाळक | गुरुवार, सकाळी ६.२०

पाणवठा, तुम्ही ज्याला विचारताय त्यातला मी एक आहे. एका मंडळीत दोन घरांचं लग्न याच कारणानं मोडलं, मला कारण ठाऊक होतं, आणि त्या रविवारी मी क्षमेवर बोललो. उतारा सुंदर होता. लोकांना आवडला. त्या मुलीनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती मी विसरलो नाही. पंचकमिटीत दोन्हीकडची वजनदार माणसं होती, मला बदली नको होती. हे इथं लिहितोय कारण आता माझ्याकडे मंडळी नाही आणि तुमच्यापैकी काहींकडे आहे.

टाळकरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच येतं. आम्हाला मंडळीकडून पगार असतो, त्याची लाज नाही. पण ज्याच्या हातून भाकरी येते त्याला दुखवायला जीभ कचरते, हे तुकोबांना पक्कं ठाऊक होतं.

कोरडवाहूंसाठी एक राहिलं होतं. योहान क्रिसोस्तोम, चौथ्या शतकातला, नावाचा अर्थच सुवर्णमुख. ३८७ मध्ये अंत्युखिया (अँटिओक) शहरात नव्या करावरून दंगल झाली, लोकांनी सम्राटाचे पुतळे पाडले, आणि सगळं शहर शिक्षेच्या भीतीनं गारठलं. तेव्हा हा पाळक उपवासकाळात एकामागून एक उपदेश करत लोकांना धीर देत राहिला. लोक टाळ्या वाजवायचे, आणि तो त्यांना टाळ्यांवरून रागवायचा, की टाळ्या घेऊन मी काय करू, सांगितलं ते करा. त्याच्या नावावर एक अगदी छोटा पुनरुत्थानाचा उपदेश आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तो आजही दर ईस्टरच्या रात्री जसाच्या तसा वाचतात. तो तुमच्याच दाखल्यावर आहे. पहिल्या तासाला आलेल्यानं या, तिसऱ्या तासाला आलेल्यानं या, अकराव्या, म्हणजे मावळतीआधीच्या तासाला आलेल्यानं घाबरू नये. तीन-चार मिनिटांचा उपदेश, शतकानुशतकं पुरला आहे.

---

कोरडवाहू | रविवार, दुपारी ३.४० (पाच आठवड्यांनंतर)

सलाम. उशीर झाला, पेरणीनंतरच्या उधाऱ्या आणि दुकान यांत अडकलो होतो. पण धागा रोज वाचत होतो.

आज माझी पाळी होती. पाळकसाहेबांना विचारून तोच उतारा पुन्हा घेतला. सोमवारी मोठ्यानं वाचला, बायको आणि पोरं ऐकत होती. त्या आठवड्यात तालुक्याच्या चौकात सकाळी सातला जाऊन उभा राहिलो, मजूर उभे असतात तिथं. साडेदहापर्यंत थांबलो. मावशीनं सांगितलं होतं तसंच. शेवटी चार जण उरले. एक आजोबा माझ्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक निघाले, जमीन गेली त्यांची. त्यांनी मला ओळखलं आणि दुसरीकडे बघितलं.

मोबाइलवर काही ऐकलं नाही. वही नेली नाही. मावशीला विचारलं, उतारा तू सांगशील का? तिला वाचता येत नाही, पण तिनं पुढे येऊन सगळा दाखला तोंडपाठ सांगितला, तिच्या बोलीत. ‘आम्हाला कुणी लावलंच नाही’ म्हणाली तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी हुंदका दिला. नंतर मी आधी माफी मागितली, की गेल्या वेळी मी या माणसांना आळशी म्हणालो होतो. मग अकरा मिनिटं बोललो. त्या आजोबांचं नाव न घेता सांगितलं. अनुवाद २४ सांगितलं. आमच्याच मंडळीत खुरपणीचे पैसे आठवडा-आठवडा लांबवतात, तेही सांगितलं. त्यात मीही आहे, दुकानातल्या पोराचा पगार मी दहा तारखेला देतो.

कुणी ‘छान झालं’ म्हणालं नाही. मला वाटलं फसलो.

पण लोक घरी गेले नाहीत. लिंबाखाली उभे राहून वाद घालत होते. दिवाळीनंतर आमची निम्मी मंडळी ऊसतोडीला कारखान्यावर जाते, त्यामुळे उचल, मजुरी, सगळ्यांच्या जिवाचा विषय. एक जण म्हणाला, पहाटेवाल्यांचं काय चुकलं? उन्हात मेले ते. दुसरी म्हणाली, ठरलेला दीनार मिळाला ना त्यांना? आणि मंडळीतला एक मुकादम, जो उपदेशाच्या वेळी बाहेर गाडीजवळ उभा असतो, तो आज आत बसला होता. तो म्हणाला, “मी बारा वर्षं हिशेब करतो. भांडण नको असेल तर आधी आलेल्यांना आधी पैसे देऊन वाटेला लावायचं, मग मागच्यांना द्यायचं. कुणाला काही कळत नाही. या मालकानं मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात केली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्याला हे कळत नव्हतं होय? का केलं असेल त्यानं तसं?”

मी आठवं वचन काढून पाहिलं. खरंच तसं लिहिलं आहे, शेवटच्यांपासून सुरू कर. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला म्हणालो, पुढच्या पाळीला यावरच बोलू, तोवर तूही विचार कर.

जुना पाळक काका, बावखल ताई, टाळकरी दादा, यावर काही सुचलं तर लिहा. तीन आठवडे आहेत.